मदत हवी आहे: कारवान कुत्रीच्या पंजाची गादी सोलली आहे, दुसऱ्या पायाच्या बोटाला कठीण गोल डाग आहे

नमस्कार.

आमच्याकडे हरणी नावाची तीन वर्षांची कारवान कुत्री आहे, वजन साधारण २३ किलो. आम्ही औसा तालुक्यात शेतवस्तीवर राहतो. कर्नाटकात जिला मुधोळ म्हणतात तीच ही जात, सशामागे धावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे, असे माझे मत आहे. हरणी पळते ती आमच्याच तारेच्या कुंपणाच्या आत. मात्र धावण्याची गरज या जातीच्या अंगातच असते. ती भागली नाही तर ती जेवण टाकते आणि रात्रभर येरझाऱ्या घालते.

पावसाळ्यापासून रान पिकाने भरलेले होते, त्यामुळे कित्येक महिने ती अंगणातच होती. फेब्रुवारीच्या अखेरीस ज्वारीची काढणी झाली, रान मोकळे झाले आणि मी तिला पहिल्याच दिवसापासून चार-पाच किलोमीटर पळू दिले. आमच्या रानाचा खालचा भाग काळ्या मातीचा आहे, वरचा माळ मुरमाड आहे आणि मधल्या पट्ट्यात तुरीची धसकटे उभी आहेत. कोयत्याने तिरपी कापलेली ही धसकटे ट्रॅक्टरच्या टायरलाही भोसकतात, हे शेतकऱ्यांना सांगायला नको. दुसऱ्या आठवड्यात ती लंगडू लागली.

आता स्थिती अशी आहे. उजव्या पुढच्या पायाच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्यांवरचा काळा थर रुपयाच्या नाण्याएवढा सोलला गेला असून आत गुलाबी मांस दिसते. एका ठिकाणी कातडीचा पापुद्रा अजून लटकतो आहे. डाव्या पुढच्या पायाच्या मधल्या एका बोटाच्या गादीवर मात्र जखम नाही, तर डाळीच्या दाण्याएवढा, फिकट रंगाचा, टणक गोल डाग आहे. हा पाय ती डांबरी रस्त्यावर आणि फरशीवर टेकवायला नको म्हणते, पण नांगरलेल्या मातीत बऱ्यापैकी टेकवते. ताप नाही, खाणेपिणे ठीक आहे. बोटांच्या बेचक्यातून दोन गोचिडी काढल्या. कुसळ किंवा सराटा सापडला नाही.

मी पाय स्वच्छ पाण्याने धुऊन सुती फडके बांधले, पण ती ते दातांनी सोडते. शेजारच्या काकांनी घरातली दुखण्याची गोळी अर्धी करून देण्यास सांगितले. खात्री नसल्यामुळे मी ती दिली नाही. गावातल्या एका वृद्ध गृहस्थांकडे पूर्वी अशीच कुत्री असत. त्यांच्या सांगण्यानुसार बाभळीच्या सालीच्या काढ्यात पाय बुडवले आणि वर मेंदी लावली की गाद्या चामड्यासारख्या घट्ट होतात. हे करावे का? जखम भरायला किती दिवस लागतील? आणि पुढच्या हंगामात हे टाळण्यासाठी तिला कशी तयार करू? जनावरांचा दवाखाना २० किलोमीटरवर आहे. परवा जाणार आहे, तोवर माझ्या हातून काही चुकू नये एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद

मी पशुवैद्यक असून बारा वर्षे ग्रामीण भागात काम करतो. कुत्री समोर नसताना निदान करता येत नाही, पण आपण इतके बारकाईने लिहिले आहे की काही गोष्टी सांगता येतील. माझ्या मते आपल्यासमोर एक नव्हे, दोन वेगळे प्रश्न आहेत.

उजवा पाय हा घासून सोललेल्या गादीचा आहे. एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात दीड चहाचा चमचा, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम मीठ घाला आणि त्याने दिवसातून दोनदा जखम धुवा. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावा. हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉल, टर्पेंटाइन यांपैकी काहीही लावू नये. त्यांनी जंतूंबरोबर नवी येणारी त्वचाही जळते. लटकणारा पापुद्रा ओढू नका, मृत भाग आम्ही कात्रीने काढतो. पट्टी बांधताना प्रत्येक बोटाच्या बेचक्यात थोडा कापूस ठेवावा आणि मधल्या दोन बोटांची टोके उघडी ठेवावीत, म्हणजे सूज आली तर लगेच दिसते. कुत्र्याला पंजाच्या तळव्यातूनही घाम येतो, त्यामुळे बंद पट्टी आतून ओली होते. ती रोज बदलावी. बाहेर नेताना सलाईनची रिकामी पिशवी वर चढवावी आणि घरात येताच काढावी. चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा शंकू घालणे हाच खात्रीचा उपाय आहे. चांगली काळजी घेतली तर दोन ते तीन आठवड्यांत गादी भरते, मात्र नवा थर वरून बरा दिसू लागल्यावरही काही दिवस नाजूकच असतो.

गोळी दिली नाही हे फार चांगले केले. माणसांची आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करतात, आणि पॅरासिटॅमॉलही आपल्या अंदाजाने देण्याचे औषध नाही. दुखणे कमी करण्याचे औषध डॉक्टर वजन पाहून देतील.

डाव्या पायाबद्दल आपण जे लिहिले, की कठीण जमिनीवर लंगडते आणि मऊ मातीत नाही, त्यावरून मला कुरुपाची, म्हणजे कातडी घट्ट होऊन बनणाऱ्या टणक गाठीची शंका येते. ग्रेहाउंड आणि त्यासारख्या सडपातळ धावपटू जातींत हे आढळते, आणि तेही बहुतेक पुढच्या पायाच्या मधल्या दोन बोटांवर. या जातींच्या गादीखाली चरबीचा थर कमी असतो आणि सगळा भार ठरावीक जागी येतो, हे त्याचे एक कारण मानले जाते. आत अडकलेला बाभळीचा काटाही असाच गोल कठीणपणा तयार करू शकतो, म्हणून डॉक्टरांना दोन्ही शक्यता सांगा. कुरूप आम्ही पातळ पात्याने मुळापासून कोरून काढतो. त्याने लगेच आराम पडतो, परंतु ते पुन्हा येण्याची सवय फार. माणसांच्या कुरुपावर लावायच्या सॅलिसिलिक आम्लाच्या पट्ट्या वापरू नका. कुत्रा चाटतो आणि भोवतालची चांगली कातडीही जळते.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. भूल द्यायची वेळ आली तर ही कारवान आहे, हे डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगा. अंगावर चरबी नसलेल्या या जाती थायोपेंटोनसारख्या भुलीच्या औषधातून फार उशिरा शुद्धीवर येतात; त्याऐवजी दुसरे औषध निवडता येते.

बाभळीच्या सालीत टॅनिन असते आणि तिने कातडे कमावतात, त्यामुळे त्या गृहस्थांच्या सांगण्यात तथ्य आहे. पण काढा लावायचा तो अखंड, कोरड्या गादीवर, उघड्या जखमेवर कधीच नाही. मेंदी लावायचीच असेल तर घरच्या पानांची लावा. बाजारातल्या काळ्या मेंदीत बहुधा केसांच्या रंगाचे रसायन असते आणि त्याने फोड येतात. मात्र गादी खऱ्या अर्थाने घट्ट होते ती हळूहळू वाढवलेल्या चालण्याने. बरी झाल्यावर पहिला आठवडा पंधरा मिनिटे मातीत, मग थोडे मुरमावर, आणि दर आठवड्याला थोडी वाढ, अशी दीड-दोन महिन्यांची तयारी ठेवा. रोज तेल किंवा व्हॅसलीन चोळून गादी मऊ करू नका. मऊ गादी लवकर फाटते. भेगा पडल्या तरच रात्री पातळ हात फिरवावा. नखे जमिनीला टेकत असतील तर कापा. मार्चनंतर डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहा. आपल्याला सोसवत नसेल तर तिलाही सोसवणार नाही.

प्रतिसाद

मी अमेरिकेत दक्षिण डाकोटात राहतो. येथे फेझंट पक्ष्यांच्या शिकारीच्या हंगामात पॉइंटर जातीच्या कुत्र्यांना काटेरी गवतातून चालावे लागते, आणि अनेक जण सायकल किंवा मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून त्यांचे बूट करतात. एक टोक घडी घालून शिवायचे, घोट्याच्या वर ताणली जाणारी चिकटपट्टी बांधायची, पण आत एक बोट सहज जाईल इतकी सैल. दोन-तीन तासांनी बूट काढून पाय कोरडे करावेत. धसकटांच्या रानात आपल्यालाही त्यांचा उपयोग होईल, पण भरधाव पळताना बूट निघून जातो, तेव्हा ते चालण्यापुरतेच समजावेत.

धागाकर्त्याचे उत्तर, २४ दिवसांनी

दोघांचेही मनापासून आभार. उशिरा लिहितो आहे, कारण निकाल पाहूनच लिहावे असे वाटले.

डॉक्टरांनी डाव्या पायाचा एक्स-रे काढला आणि डाग दाबून पाहिला. काटा एक्स-रेमध्ये दिसतोच असे नाही, हे त्यांनी सांगितले, पण सूज किंवा पू नसल्यामुळे त्यांचेही मत कुरूप असेच पडले. भूल न देता, मी डोके धरून बसलो असताना, त्यांनी ते पाच मिनिटांत कोरून काढले. तळाशी शंकूसारखा टोकदार पांढरा भाग होता. काटा सापडला नाही. त्याच संध्याकाळी ती ओसरीच्या फरशीवर चारही पाय टेकवून चालली. माझ्या आईने तो क्षण पाहिला आणि तिला रडू आले.

उजव्या पायाची जखम १९ दिवसांत बंद झाली. मधे एकदा पट्टी दोन दिवस बदलली गेली नाही आणि बोटांच्या बेचक्यात लाल, ओलसर चट्टा उठला. पट्टी काढून कोरडे ठेवल्यावर तो गेला. तुरीची धसकटे आम्ही रोटाव्हेटरने मोडून घेतली आहेत. सध्या ती सकाळी सहाच्या आत पंधरा मिनिटे काळ्या मातीतच चालते आणि पळण्यासाठी दोरीला हिसके देते.

आज डाव्या पायाचे तेच बोट दाबून पाहिले, तेव्हा मध्यभागी मोहरीएवढा टणकपणा पुन्हा हाताला लागला. ज्यांनी कारवान किंवा पश्मी (लांब केसांची कारवान) कुत्री पाळली आहेत आणि ज्यांना असे कुरूप वारंवार कोरून घ्यावे लागले आहे, त्यांनी किती आठवड्यांच्या अंतराने ते करून घेतले आणि अधल्यामधल्या काळात पळणे कितपत चालू ठेवले, हे कृपया कळवावे.