शनिवारचं पार्किंग: गाडीचं नाव तुम्ही म्हणता तसंच कळवा

प्रेषक: मृणाल
सोमवार, रात्री १०.४२

मंडळी,
शनिवारी जेवणाचा ट्रक मागच्या दाराला लागणार आहे. म्हणजे फायर लेन (आगीच्या बंबाची वाट) पूर्ण मोकळी हवी. गणपतीत काय झालं ते परत नको. ढोलपथक २५ मिनिटं उन्हात उभं होतं, अभिजित माईकवरून सात वेळा "पांढरी हुंडाई, पांढरी हुंडाई" ओरडला, आणि गाडीचे मालक तिसऱ्या रांगेत बसून शेजाऱ्याला सांगत होते, "काय लोक असतात, उठतच नाहीत."

म्हणून फॉर्ममध्ये एक रकाना वाढवलाय: गाडीचा रंग आणि नाव, घरात म्हणता तसं, देवनागरीत. आत्तापर्यंत ६२ कुटुंबांनी भरलंय. त्यात एकाच कंपनीचं नाव पाच तऱ्हांनी आलंय: हुंडाई, ह्युंदाई, ह्युंडाई, हन्डे, हुंदाय. माईकवर नेमकं काय म्हणायचं ते गुरुवारपर्यंत ठरवा. यादी छापायची आहे.

मृणाल

प्रेषक: अभिजित
सोमवार, रात्री ११.१५

सात नाही, चार वेळा. पहिल्यांदा मी "होंडा" म्हणालो होतो, कारण स्टेजवरून दोन्ही कंपन्यांचा एच सारखाच दिसतो, एक सरळ आणि एक तिरका एवढाच फरक. तेव्हा तीन होंडावाले उठून गेले आणि खांदे उडवत परत आले. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

राहता राहिलं हुंडाई. १९९८ साली सँट्रो आली तेव्हा मी पुण्यात अकरावीत होतो. तेव्हापासून ती हुंडाईच आहे. शोरूमवाला हुंडाई म्हणायचा, आरटीओतला माणूस हुंडाई म्हणायचा. मी काय माझ्या मनाचं म्हटलेलं नाही.

प्रेषक: सतीश
मंगळवार, सकाळी ६.५०

ती गाडी माझी होती. लिस्टवर अजून कुणाला सांगायचं राहिलं असेल तर सांगून टाका.

मी इथे २२ वर्षं आहे. इथे 'हन्डे' म्हणतात, संडेच्या चालीवर. १९८६ मध्ये एक्सेल घेऊन कंपनी अमेरिकेत आली, आणि लोकांना नाव म्हणता येत नाही म्हटल्यावर कंपनीनंच 'संडेसारखं म्हणा' असं शिकवलं. माईकवर "पांढरी हुंडाई" ऐकलं तेव्हा मला प्रामाणिकपणे वाटलं की हुंड्यावरचं पथनाट्य सुरू झालं. महिला विभागाचं दर वर्षी असतं ना.

प्रेषक: शुभदा (महिला विभाग)
मंगळवार, सकाळी ८.०५

महिला विभागानं हुंड्यावर पथनाट्य शेवटचं केलं त्याला दहाएक वर्षं झाली. त्यानंतर आमचे विषय बदललेत. तुम्ही येता फक्त जेवणाच्या वेळी, त्यामुळे कल्पना नसेल.

फायर लेनबद्दल आमचं काही म्हणणं नाही. रांगोळीला मात्र पुढच्या दाराशी तीन गाड्यांची जागा लागेल, हे मी सप्टेंबरातच कळवलं होतं.

प्रेषक: नंदूकाका
मंगळवार, दुपारी १.३०

अभिजित आणि सतीश, तुम्ही दोघंही चूक आहात. माझ्या शेजारी कोरियन गृहस्थ राहतात, त्यांना आज सकाळी कुंपणापाशी गाठून विचारलं. ते 'ह्यन्-दे' म्हणाले, 'ह्य' अगदी पुसटसा. अर्थ 'आधुनिक'. मग मी त्यांना 'हुंडाई' म्हणून दाखवलं, ते हसले. 'हन्डे' म्हणून दाखवलं, तेव्हाही हसले. म्हणजे बरोबरी झाली.

अहो, आपण राहतो कुठे? या डेट्रॉईटचा पाया १७०१ मध्ये घातला तो एका फ्रेंच माणसानं, त्याच्या नावाची गाडी आपण 'कॅडिलॅक' म्हणतो. त्याला स्वतःला 'कादियाक' ऐकायची सवय. पण शेवरोलेटचा शेवटचा ट मात्र इथे फ्रेंच पद्धतीनं गिळतात. एका नावाला फ्रेंच ठेवलं, दुसऱ्याला धुऊन काढलं. लुई शेवरोले जन्मानं स्विस, कंपनी १९११ ची. रस्त्यांचं तेच. लिव्हरनॉयमधला एस म्हणायचा नाही, ग्रॅशटचं स्पेलिंग (Gratiot) बघून कुणी तसं म्हणेल का? आणि नोव्हायला नवीन आलेला प्रत्येक मराठी माणूस पहिले सहा महिने 'नोवी' म्हणतो. मीही म्हणालो होतो, इंटरव्ह्यूमध्ये.

मी कुर्ल्याला प्रीमियरमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. एकच गाडी. आधी फियाट ११०० डिलाईट, मग प्रीमियर प्रेसिडेंट, मग पद्मिनी. कंपनीनं तीन बारशी केली. मुंबईचा टॅक्सीवाला शेवटपर्यंत फियाटच म्हणाला, आणि हाक मारणाराही. नाव कंपनी ठेवते, चालवतात ते लोक. पुढे कल्याणला प्यूजो जोडायला लागले तेव्हा मी इथे आलो होतो, पण माझा मेव्हणा सांगायचा की वर्कशॉपात 'प्युगॉट', 'पेजोत' आणि 'पूजा' अशी तीन नावं चालायची. पूजाच टिकलं. स्पेअर पार्टच्या चिठ्ठीवरसुद्धा 'पूजाचा क्लच' लिहायचे.

असो. मुद्दा काय होता?

प्रेषक: सुप्रिया
मंगळवार, रात्री ९.२०

काय राजेहो, नंदूकाकांनी पूजाच मांडली!

आमच्या नागपुरात मारुतीची झेन 'जेन' होती. बाबा अजूनही सुजुकीच म्हणतात. पण माझदाच्या बाबतीत मराठी माणसाचं बरं आहे. 'माझं'मधला झ आपल्या तोंडात आयताच आहे, हिंदीवाल्यांना तो जमवावा लागतो. आमच्याकडे गेली दहा वर्षं 'ही माझदा, ती तुझदा' चालू आहे. नवऱ्याची तुझदा कायम अंगणात आणि माझी माझदा रस्त्यावर.

बाकी आमच्या घरचे शब्द, कुणाला हवे असतील तर घ्या. शेवरोले म्हणजे शेव-रोल. टोयोटात नाही तोटा. डॉज ती, जी मेकॅनिकला डॉज देते. काकांनी १९९५-९६ मध्ये देवू सिएलो घेतली होती, तेव्हा आजोबा विचारायचे, "हप्ता भरलास का?" काका म्हणायचे, "देऊ." आणि माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात सासरच्यांनी छाती पुढे काढून सांगितलं होतं, आम्ही हुंडा घेतला नाही. आजी म्हणाली, "नाही घेतला, नुसता एक ई लावून घेतला." दारात सँट्रो उभी होती.

प्रेषक: वैशाली (सांस्कृतिक)
मंगळवार, रात्री ९.५८

सुप्रिया, कृपया थांब! शनिवारच्या प्रश्नमंजुषेत 'गाडी ओळखा' ही फेरी आहे आणि त्यातला माझदा आत्ताच गेला. मी तीन आठवडे बसून प्रश्न काढलेत. सुबारू म्हणजे कृत्तिका, मित्सुबिशी म्हणजे तीन शिंगाडे, असलं काही कुणाला माहीत असेल तर कृपया लिस्टवर टाकू नका, मला वैयक्तिक कळवा.

प्रेषक: वैशाली (सांस्कृतिक)
मंगळवार, रात्री १०.०१

वरची मेल वाचू नका.

प्रेषक: केदार
बुधवार, सकाळी ७.३५

शिंगाडे खरंच? म्हणजे उपासाला चालणारी गाडी.

यादीत कुणीतरी 'स्कोडा' लिहिलंय. माझा भाऊ शेंद्र्याच्या कारखान्यात आहे, तिथे २००१ पासून या गाड्या जोडतात. चेक साहेब आले की 'श्कोडा' म्हणतात, एसच्या डोक्यावर उलटी टोपी असते ना, ती शचीच. खाली लाईनवर सगळे स्कोडा, गेटवरचा वॉचमन 'इस्कोडा'. भावानं एकदा चेक साहेबाला नावाचा अर्थ विचारला. एमिल श्कोडा नावाच्या कारखानदाराचं ते आडनाव, ते ठीकच. पण चेक भाषेत श्कोडा म्हणजे नुकसान, आणि काही वाईट झालं की आपण 'अरेरे' म्हणतो तसंही ते 'श्कोडा' म्हणतात. भाऊ म्हणाला, मग आमच्या मराठीत तुम्ही खोडा म्हणा, शनिवारच्या ट्रॅफिकमध्ये शोभेल.

प्रेषक: मृणाल
बुधवार, सकाळी ९.१०

मी एक साधा प्रश्न विचारला होता. उत्तरात मला शिंगाडे मिळाले.

नावं सोडा. नुसता नंबर प्लेटचा नंबर वाचला तर? रंग आणि नंबर, बस.

प्रेषक: अभिजित
बुधवार, सकाळी ९.४०

२०१९ च्या कोजागिरीला केलं होतं. बी, डी, ई, जी, पी, टी, व्ही: त्या हॉलच्या माईकवर सगळ्यांचा एकच 'ई' होतो. मी 'बी' म्हणालो की पाच घरातले पाच लोक खिशातली किल्ली चाचपतात. आकडे मराठीत वाचले तर पोरांना कळत नाहीत. 'त्र्याऐंशी' म्हणालो तेव्हा सतीशच्या मुलीनं विचारलं होतं, की हा कुठला राग आहे.

बटाट्याचा बी, डब्याचा डी असं करता येईल. पण व्ही कशाचा? वडापावचा. आणि डब्ल्यू? तोही वडापावचाच.

प्रेषक: केदार
बुधवार, सकाळी १०.०२

व्ही वडापावचा नाही. व्ही व्हरांड्याचा. मराठीत आपण व्ह लिहितो म्हणून तर व्हॉल्व्हो नीट म्हणतो, हिंदीत ती 'वॉल्वो' होते.

प्रेषक: नंदूकाका
बुधवार, सकाळी १०.४५

केदार, अगदी सोळा आणे. पण मग फोक्सवॅगनचं काय करणार? चाकणला कारखाना झाला तेव्हा पेपरवाल्यांनी बरोबर फ लिहिला, कारण जर्मन व्हीचा उच्चार फ. आणि तीच जर्मन माणसं डब्ल्यूला व्ह म्हणतात, म्हणजे त्यांचं ते 'फोल्क्सव्हागन'. आपण पहिलं अक्षर जर्मनांचं घेतलं, दुसरं इंग्रजांचं. अर्धी गाडी इथली, अर्धी तिथली. आपल्यासारखीच.

ऑडीची गोष्ट तर आणखी मजेची. ऑगस्ट हॉर्श नावाच्या गृहस्थाला स्वतःच्याच आडनावानं गाड्या काढायला कोर्टानं मनाई केली. हॉर्श म्हणजे जर्मनमध्ये 'ऐक'. मित्राच्या घरात एक पोरगं लॅटिनचा अभ्यास करत बसलं होतं, ते म्हणालं, लॅटिनमध्ये म्हणा, ऑडी. झालं. जर्मन लोक त्याला 'आउडी' म्हणतात, आपण 'ऑडी', आणि माझी सून 'आवडी' म्हणते, कारण ती घ्यायची फार इच्छा आहे.

प्रेषक: वैशाली (सांस्कृतिक)
बुधवार, सकाळी १०.५०

ऑडी पण गेली. धन्यवाद काका.

प्रेषक: दत्ता
बुधवार, दुपारी १२.१५

तुम्ही सगळे उगाच डोकं खाताय. आमच्या कोल्हापुरात हा प्रश्नच येत नाही. महिंद्राची नावं बघा: बोलेरो, स्कॉर्पिओ, झायलो, व्हेरिटो. शेवटी ओ. एक्सयूव्ही काढली, तिला आकडे लावले, तर आकडेपण काय, फाईव्ह डबल ओ. नावातच हाकेला ओ दिलेली हाय. नुसतं "ओ बोलेरोवाले!" म्हणायचं, मालक आपोआप येतोय. शिवाय चार लोक जास्तीचे येतात.

थारला ओ नाही, म्हणून थारवाले ऐकत नाहीत. माझा मामेभाऊ थारवालाच आहे.

प्रेषक: खजिनदार
बुधवार, दुपारी २.००

गणपतीच्या फायर लेनचा दंड मंडळानं भरला होता. पुन्हा भरणार नाही. हा नियम नाव कसं म्हणता यावर अवलंबून नाही.

तसंच, कोजागिरीच्या दुधाची तीन मोठी पातेली अजून परत आलेली नाहीत.

प्रेषक: शुभदा (महिला विभाग)
बुधवार, दुपारी २.२०

दोन पातेली माझ्याकडे आहेत. तिसरं पुरुषमंडळींनी नेलं होतं, तेव्हा तिकडे विचारा. रांगोळीच्या जागेचं कुणी उत्तर दिलं नाही.

प्रेषक: मृणाल
गुरुवार, रात्री ८.३०

यादी छापायला दिली. जो जसं म्हणतो तसंच लिहिलंय, पाचही तऱ्हांनी. अभिजित, ज्याच्या घरात जे चालतं तेच तुला म्हणावं लागेल. शेवरोलेटच्या पुढे मी कंसात 'शेव्ही' पण लिहिलंय, कारण चौघांनी तसं कळवलं, आणि सुप्रियाच्या आईंनी फॉर्ममध्ये 'शेव-रोल' लिहून पाठवलंय. तेही आहे. दोन जणांनी जॅग्वार म्हटलंय, एकानं जॅग्युअर. तो लंडनहून आलाय, त्याला सांभाळून घे. एका कुटुंबानं नुसतंच 'गाडी' लिहिलंय. त्यांना मी ओळखते, त्यांची दुसरी गाडी नाहीच.

पुढच्या दाराच्या तीन जागा रांगोळीला. शुभदाताई, झालं.

सतीश, तुमची 'पांढरी हन्डे' पान दोनवर, पहिल्या ओळीत.

प्रेषक: सतीश
गुरुवार, रात्री ९.०५

मृणाल, सॉरी. शनिवारी हन्डे सर्व्हिसिंगला आहे, बायकोची गाडी आणतोय. राखाडी, नीसान. पण ती लेस्टरला वाढलेली, ती निसॅन म्हणते, आणि किल्ली तिच्या पर्समध्ये असणार. सासूबाई सोबत आहेत, त्या 'निशाण' म्हणतात. दोन्हीतिन्ही लिहिता येतील का?