पहिलीच गाडी, जुनी घ्यायचीय: केए-२२ घेऊ की एमएच-०९?

जांबोटीरोड
नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातला, उद्यमबागला कामाला. रोज बाईकवरच जातो आणि तसाच जाणार, गाडी हवीय ती आईसाठी. तिच्या गुडघ्याचा त्रास वाढलाय, महिन्यातनं दोन-तीनदा बेळगावला दवाखान्यात न्यावं लागतं आणि आमच्याकडचा पाऊस तर तुम्हाला माहीतच हाय, जून ते सप्टेंबर तिला बाईकवर बसवणं म्हणजे जिवावर येतं. रिक्षावाला जाऊन-येऊन सांगतो ते परवडत नाही.

बजेट सव्वातीन लाख, त्याच्यावर एक रुपया नाही. दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक स्विफ्ट डिझेल, २०१४ ची, कोल्हापूरची, एमएच-०९ पासिंग, दुसरा मालक, ७८ हजार किलोमीटर, पावणेतीन लाख म्हणायलेत. दुसरी वॅगन आर पेट्रोल, २०१५ ची, केए-२२ म्हणजे बेळगावचंच पासिंग, पहिलाच मालक, रिटायर्ड गुरुजी हायत वडगावचे, ५२ हजार किलोमीटर पण तीन लाख दहा हजार सांगायलेत. भावजी म्हणतात स्विफ्ट घे, स्वस्त पण हाय आणि डिझेलला ॲव्हरेज पण. घरात कुणालाच गाडीतलं काही कळत नाही. नेमकं काय बघायचं, कुणी नीट सांगेल का?

सीमेवरचा
भावा, तुझ्या भावजींना पावणेतीन दिसले पण पुढचे दिसले नाहीत. एमएच पासिंगची गाडी कर्नाटकात १२ महिन्यांच्या वर ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, कायदाच तसा हाय. त्यासाठी आधी कोल्हापूर आरटीओची एनओसी, ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, त्याला चासी नंबरचा पेन्सिलनं काढलेला छाप लागतो, मग इथं येऊन लाइफटाइम टॅक्स भरायचा. आणि हा टॅक्स तू दिलेल्या पावणेतीन लाखावर नसतो, गाडी नवी होती तेव्हाच्या किमतीवर टक्के धरतात आणि गाडीच्या वयाप्रमाणे त्यात कमी करतात. इथलं टॅक्सचं प्रमाण देशात जास्तीतलं हाय, नव्या गाडीला ५ ते १० लाखाच्या गटात १४ टक्के. त्यामुळे एजंटचा तोंडी आकडा धरू नको, आरसीची झेरॉक्स घेऊन आरटीओत स्वतः काउंटरला विचार आणि तो आकडा पावणेतीनमध्ये मिळवून मगच वॅगन आरशी तुलना कर. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण ते पैसे हातात पडायला किती फेऱ्या होतील त्याची तयारी ठेव.

मी हेच केलं होतं म्हणून एवढं सांगायलोय. मी घेतलेल्या गाडीवरचं जुन्या मालकाचं कर्ज फिटलेलं होतं पण आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच होता. विकणारा म्हणाला आठ दिवसांत काढून देतो, मी विश्वास ठेवून सगळे पैसे देऊन मोकळा झालो. तो माणूस पुढं पुण्याला गेला, फोन उचलेना, फॉर्मवरची सही जुळेना म्हणून कागद परत आले. सात महिने गाडी दारात उभी होती आणि माझा हप्ता मात्र चालू, बायकोला तोंड दाखवायची लाज वाटायची. म्हणून पैसे द्यायच्या आधी सरकारच्या 'वाहन' नावाच्या साइटवर नंबर टाकून बोजा, चलन, इन्शुरन्सची तारीख, ब्लॅकलिस्ट हे सगळं बघ. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नको, त्या बँकेच्या पत्राला पण मुदत असते.

उद्यमबाग_गॅरेज
वरच्या दादांनी कागदाचं बरोबर सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो. पंचवीस वर्षं हेच काम करतोय.

सगळ्यात आधी, मालकाला सांगायचं मी सकाळी येतो, मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं, आधीच चालू करून ठेवलीय, आणि का ठेवलीय ते विचारायचं. थंड इंजिनच खरं बोलतं. स्विफ्टच्या त्या १.३ डिझेलला आत टायमिंग चेन असते, ती सैल झाली असेल तर पहिल्या स्टार्टला खडखड ऐकू येते आणि गरम झाल्यावर तीच गाडी गुळगुळीत. मागं एक जण उभा करून सायलेन्सर बघायला लावायचा, निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जातंय. इंजिन बंद असताना ऑइलचं झाकण उघडून आतली बाजू बघायची, दुधी चहासारखा थर दिसला तर घरी यायचं. वॅगन आरचं इंजिन तीन सिलिंडरचं असतं, उभ्या गाडीत थोडी थरथर असते, त्याला घाबरायचं कारण नाही.

आता एक गोष्ट जरा लांबण लावून सांगतो कारण आपल्या भागात तीच जास्त महत्त्वाची. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेचं पाणी सांगली-कोल्हापुरात शिरलं, आपल्याकडं पण घटप्रभा, मार्कंडेय सगळ्या फुटून वाहत होत्या, मग २०२१ ला परत. त्यात किती गाड्या बुडाल्या आणि धुऊन पुसून विकल्या गेल्या! कोल्हापूरची प्रत्येक गाडी तसली असते असं मुळीच नाही, चांगल्या ठेवलेल्या पण कितीतरी येतात, पण तपासल्याशिवाय हात लावायचा नाही. कसं तपासायचं? ड्रायव्हरचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, जिथं तो कधीच बाहेर येत नाही तिथपर्यंत. धुणारा माणूस सीट धुतो, मॅट बदलतो, छत पुसतो, पण बेल्टचा शेवटचा हातभर भाग विसरतो. तिथं मातीची आडवी रेघ दिसते, किंवा बोटाला बारीक गाळ लागतो. मग सीट पुढं सरकवून खालच्या रुळांचा गंज बघायचा, डॅशबोर्डच्या खाली डोकं घालून पट्ट्या आणि स्क्रू बघायचे. जुन्या गाडीत नवंकोरं कार्पेट आणि सेंटचा वास घमघमत असेल तर मी तरी थांबतो. पाण्यातल्या गाडीचं इंजिन नीट होतं हो, वायरिंग होत नाही, दोन पावसाळ्यांनी एक-एक करून सगळं बंद पडायला लागतं, आणि मग ती आमच्या गॅरेजमध्ये येते आणि आईबाप घेऊन आलेल्या पोराला मला सांगावं लागतं की बाबा, फसलास.

ठोकलेली गाडी ओळखायची तर बॉनेट आणि फेंडरचे बोल्ट बघायचे, कंपनीचा रंग बोल्टावर अखंड असतो, पाना लागला की कोपऱ्यावरचा रंग उडतो. डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्रा बघायचा, सुरकुती किंवा वेल्डिंग दिसलं तर मागनं बसलेला मार हाय.

तुमचं चालणं महिन्याला दोन-तीन फेऱ्या. एवढ्याला डिझेल कशाला? डिझेलचा क्लच, इंजेक्टर, टर्बो, काहीही निघालं तरी खर्च मोठा, आणि तुमच्या चालण्यात ॲव्हरेजचा फायदा निघायला वर्षं जातील.

जांबोटीरोड
मेस्त्री, दादा, मनापासून आभार, एवढं कुणी समोरासमोर पण सांगत नाही. एक शंका. ५२ हजार किलोमीटर खरे कशावरून? मीटर मागं करतात म्हणे. आणि गोव्याची एक गाडी पण कुणीतरी सुचवलीय, ती तर अजून स्वस्त.

निपाणीची_मंजिरी
गोव्याची स्वस्त दिसते पण टॅक्स आणि एनओसीचं तेच सगळं, वर खारी हवा. माझ्या दिराने आणली होती, वरून चकाचक, लिफ्टवर चढवली तर सायलेन्सर आणि दाराच्या खालच्या कडा हाताने तुटायला लागल्या. किनाऱ्याजवळची गाडी असेल तर खालनं बघितल्याशिवाय नकोच. खानापूर-जांबोटीच्या गाड्यांच्या पण पोटाखाली लाल चिखल अडकून बसतो हं, तिथं पण बघा.

मीटरचं म्हणाल तर मी दोन वर्षांपूर्वी वॅगन आरच घेतली, तेव्हा मालकांकडनं सर्व्हिसची सगळी बिलं मागून घेतली. प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात, ते चढत गेले पाहिजेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर दिला, मालक सोबत असले की ते पण हिस्टरी दाखवतात. आणि डोळ्यांनी बघा ना, ५२ हजारच्या गाडीचा क्लच पेडलचा रबर घासून गुळगुळीत कसा होईल? स्टेअरिंगचं कव्हर काढून खालचं बघा, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. टायरवर शेवटी चार आकडे असतात, ३५१९ असेल तर २०१९ चा ३५ वा आठवडा. गाडी २०१५ ची आणि पाचही टायर त्याच वर्षाचे असतील तर कमी फिरलीय हे पटतं, पण मग टायर बदलायचा खर्च धरून भाव करा.

चालवताना रेडिओ बंद. मी काकतीपर्यंत हायवेला नेली होती. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग हलकं सोडलं तर गाडी एका बाजूला जाते का, ब्रेक दाबला की ओढते का, चढाला इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही असं होतं का, तसं झालं तर क्लच गेला. मग मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा, पुढच्या चाकातनं टक टक आलं तर ड्राइव्ह शाफ्टचं काम आहे. एसी लावून वीस मिनिटं उभी ठेवा आणि टेंपरेचर बघा. आईंना पण एकदा आत बसवून बघा बरं का, गुडघ्याच्या माणसाला स्विफ्टमध्ये खाली वाकून बसावं लागतं, वॅगन आरची सीट उंच, सरळ बसता-उठता येतं. माझ्या सासूबाईंसाठी मी तेवढ्यासाठीच घेतली.

जांबोटीरोड
रविवारी आईला घेऊनच वॅगन आर बघायला गेलो, ओळखीचा एक मेस्त्री पण सोबत नेला. बॉनेट थंडगार होतं. बेल्ट शेवटपर्यंत ओढला, स्वच्छ. उजव्या फेंडरच्या बोल्टला पाना लागलेला दिसला, मी काही बोलायच्या आधी गुरुजींनीच सांगितलं की गेटला घासली होती, बिल पण काढून दाखवलं. टायर पाचही २०१५ चे, रबराला भेगा पडलेल्या. सर्व्हिसची बिलं एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावलेली, शेवटचं ५१ हजारचं. आई आत बसली आणि कुणाचा हात न धरता उतरली.

टायरचं दाखवून दोन लाख नव्वदला ठरवलंय. दहा हजार बयाणा ऑनलाइन दिला आणि साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. आता पुढं कागदाचं काय काय, आणि इन्शुरन्सवर गुरुजींचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, हाय तो मला मिळतो का?

सीमेवरचा
चांगलं झालं. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या आरसीशी जुळतायत बघून घे, दोन्ही किल्ल्या घे, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का बघ. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं असतं, तू उद्याच जा आणि शक्यतो गुरुजींना सोबत ने. इन्शुरन्स पण १४ दिवसांत नावावर करून घे. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, तो गुरुजींकडंच राहणार, तेवढा फरक तुला भरावा लागेल. आणि ही गाडी २०१५ ची म्हणजे २०३० ला १५ वर्षं होतील, तेव्हा पासिंग परत करावं लागतं, मग पुढं ५-५ वर्षांसाठी मिळतं.

उद्यमबाग_गॅरेज
टायर बदलल्याशिवाय आईंना घेऊन पावसात निघू नका. आणि ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल पहिल्याच आठवड्यात बदलून घ्या, बिल कितीही नवं असू दे.