मदत हवी आहे : आईच्या मोबाइलवरील औषधांच्या फसव्या जाहिराती

नमस्कार. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. माझी ७२ वर्षांची आई दुपारी मोबाइलवर कीर्तने ऐकते आणि मध्येमध्ये ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे सांगणाऱ्या जाहिराती येतात. त्यांवर विश्वास ठेवून तिने एक चूर्ण मागवले आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी आठवडाभर, आम्हाला न सांगता, बंद ठेवली. साखर वाढल्यावर हे उघडकीस आले. मला याची फार काळजी वाटते.

मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाच्या जाहिरातीस १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मनाई आहे. वर्तमानपत्रातील जाहिरात निदान कापून ठेवता येते. ही मात्र क्षणात नाहीशी होते आणि माझ्या मोबाइलवर तर दिसतही नाही. अशा वेळी तक्रारीसाठी पुरावा कसा जपावा? जाहिरात मानक परिषदेकडे, ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे कोणी तक्रार केली असल्यास अनुभव कृपया सांगावा.

शिवाय, छापून किंवा पडद्यावर आलेले खरेच असते, अशा समजुतीत आयुष्य गेलेल्या आईला न दुखावता हे कसे समजावून सांगावे?