मदत हवी आहे: विमा नाही. फ्री क्लिनिकला गेल्या वर्षीचा टॅक्स रिटर्न दाखवला तर नाकारतील का?

नमस्कार मंडळी,

आम्ही टेक्सासमध्ये राहतो, ग्रीन कार्ड आहे. मार्चमध्ये नवऱ्याची नोकरी गेली आणि विमाही गेला. कोब्राचा (नोकरी गेल्यावर कंपनीचाच विमा स्वतःच्या खर्चाने चालू ठेवायची सोय) हप्ता बघून दोघंही गप्प बसलो. कंपनी भरायची तो वाटासुद्धा आपणच भरायचा, वर दोन टक्के. मार्केटप्लेसवर, म्हणजे सरकारच्या विमा विकणाऱ्या साइटवर, विमा गेल्यापासून ६० दिवसांत प्लॅन घ्यायचा असतो हे माहीत होतं, पण 'महिन्याभरात दुसरीकडे लागेलच' या भरवशावर ते दिवस निघून गेले. आता १ नोव्हेंबरपर्यंत थांबायचं. टेक्सासने मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) आमच्यासारख्या प्रौढांपर्यंत वाढवलेलं नाही, त्यामुळे तिथेही आमची डाळ शिजणार नाही. मुलाचं चिपमधून (मुलांसाठीचा सरकारी विमा) झालंय, त्याची काळजी नाही.

नवरा ५२ वर्षांचा, डायबेटिस आणि बीपी दोन्ही. परवा रात्री पाणी प्यायला उठले तर हा ओट्यापाशी उभा, भाजीच्या सुरीने बीपीची गोळी अर्धी करतोय. "पुरवून पुरवून घेतोय," म्हणाला. सुरीला चिकटलेला चुरा बोटाने टिपून जिभेवर ठेवला. मी तेव्हा काही बोलले नाही. सकाळी उठून आधी फ्री क्लिनिक शोधलं.

जवळच एक आहे. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी उघडं, डॉक्टर बरेचसे निवृत्त, सगळे स्वयंसेवक. अट अशी की विमा नसावा आणि घरचं उत्पन्न फेडरल दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांच्या आत असावं. २०२५ च्या आकड्यांप्रमाणे तिघांच्या कुटुंबाला ही मर्यादा ५३,३०० डॉलर. सध्या आम्ही त्यात आरामात बसतो. पण कागदपत्रांच्या यादीत गेल्या वर्षीचा टॅक्स रिटर्न आहे आणि त्यावरचा आकडा बघून आम्हाला दारातूनच परत पाठवतील अशी धास्ती वाटते. बेकारी भत्ता उत्पन्नात धरतात का?

नवऱ्याचं वेगळंच. "ते गरिबांसाठी असतं, आपण कुणाची जागा अडवायची नाही." मग सध्या आपण कोण आहोत, असं अगदी ओठांवर आलं होतं.

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, मी अशाच एका क्लिनिकमध्ये फ्रंट डेस्कवर बसते. प्रत्येकाचे नियम थोडे वेगळे, तेव्हा आधी फोन कराच. आमच्याकडे आजचं उत्पन्न बघतात. रिटर्न न्याच, पण सोबत नोकरी गेल्याचं पत्र, शेवटची पे-स्टब (पगाराची पावती) आणि टेक्सास वर्कफोर्स कमिशनचं बेकारी भत्त्याचं पत्र लावा. भत्ता आम्ही उत्पन्नात धरतो, तो लपवू नका.

तिथे नाहीच झालं तर फेडरल अनुदानावर चालणारं कम्युनिटी हेल्थ सेंटर गाठा. ते फुकट नसतं, पण फी उत्पन्नाप्रमाणे कमी होते आणि पैसे नाहीत म्हणून परत पाठवत नाहीत.

गोळ्या अर्ध्या करणं आधी थांबवा. डायबेटिसचं मेटफॉर्मिन वॉलमार्टच्या चार डॉलरवाल्या यादीत असतं. बीपीच्या गोळीचं फार्मासिस्टला विचारा, ते स्वस्त पर्याय सांगतात.

आणि छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं तर क्लिनिकची वाट बघायची नाही, सरळ ईआर, म्हणजे रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग. १९८६ च्या कायद्याप्रमाणे त्यांना तपासून रुग्ण स्थिर करावाच लागतो, विमा असो वा नसो. बिल येतं, पण रुग्णालय नॉन-प्रॉफिट असेल तर त्यांच्याकडे आर्थिक मदतीचं लेखी धोरण असावंच लागतं. पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज करता येतो. हे कुणी आपणहून सांगत नाही. मागावं लागतं.

जागा अडवण्याबद्दल: आमच्याकडे गेल्याच आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका आणि एक ट्रकचालक शेजारी बसले होते. नवऱ्याला सांगा, तिथे कुणी कुणाकडे बघत नाही.

धागाकर्ती

खूप आभार. भत्त्याचं पत्र सापडलं, फोन केला, गुरुवारची सहाची वेळ मिळाली. नवऱ्याने अजून हो म्हटलेलं नाही, पण फॉर्मवरचा 'मासिक उत्पन्न' हा रकाना त्यानेच पेन्सिलीने भरून ठेवलाय.

एक विचारायचं राहिलं. पहिल्याच भेटीत रक्त घेतात का? उपाशी नेऊ की खाऊ घालून? हा माणूस भुकेला असला की कुणाशी धड बोलत नाही.