गाणे चालते कशाने? शब्द, नशीब की पट्टी

म्हापशाचा मास्तर
काल भाचीच्या लग्नात तीन तास बसून आलो. एका गाण्याचा एक शब्द कळला नाही आणि सगळा हॉल नाचत होता. आता गाणी पंधरा सेकंदांच्या रीलसाठी करतात, पैसे ओतून चालवतात आणि सहा महिन्यांत विसरतात. आमच्या वेळी गाणे शब्दांवर चालायचे. लोकांची जाण गेली, दुसरे काय.

फोंड्याचा कीबोर्डवाला
सर, तुम्ही वयाने मोठे, पण हे वाचून गप्प बसवेना. थोडे लांबण लावतो.

२६ वर्षे लग्नांत आणि जत्रांत वाजवतो. साडेआठला स्टेजवर चढतो. पहिला अर्धा तास आमच्याकडे कुत्रे बघत नाही, सगळ्यांचे लक्ष बुफेकडे. मग एखादे गाणे असे लागते की रांगेतला माणूस हातातले ताट सावरत तोंड हलवू लागतो. मी त्याच्याकडे बघत असतो. ओठ हलले की गाणे चालले, एवढी साधी परीक्षा. त्याला शब्द येतात? पहिली ओळ येते, शेवटचे 'हो हो' येते, मधे नुसते पुटपुटतो. आणि हे तुमच्या काळातल्या गाण्यांनाही तसेच. तुमच्या आवडत्या गाण्याचा तिसरा अंतरा आत्ता, मोबाईल न बघता लिहून दाखवा.

दुसरे. मूळ पट्टीत वाजवले की हॉल गप्प. ट्रान्सपोजचे बटण दाबून तीन स्वर खाली आणले की तेच लोक गातात. सिनेमातल्या गायिकेचा गळा देवाने दिलेला, आपल्या काकीचा गळा चुलीपुढे धूर खाल्लेला. तिच्या गळ्यात आठ-नऊ स्वर, त्यात बसले ते गाणे तिचे. बाकीची नुसती ऐकायची.

आणि पंधरा सेकंदांचा एवढा राग कशाला? जुनी तबकडी एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचीच होती. आपल्या मंगेशीच्या मास्टर दीनानाथांच्या काळची नाट्यपदे रंगमंचावर वन्समोअर घेत रंगायची, तबकडीवर तीन मिनिटांत उरकावी लागली. तेव्हाही कोणीतरी 'जाण गेली' म्हटलेच असणार. आज स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकले तरच एक ऐकणे मोजतात, म्हणून सुरुवातीचे म्युझिक छाटतात. यंत्र बदलले की गाण्याची कात्री बदलते.

म्हापशाचा मास्तर
तिसरा अंतरा मला पाठ आहे. इथे लिहीत नाही कारण तुम्ही म्हणाल बघून लिहिला. आणि पैसे ओतून चालवतात याला तुम्ही उत्तरच दिले नाही.

डिचोलीचा रेडिओवाला
पैसे ओतून गाणे चालवता येते असे मानले, तर बंदी घालून थांबवताही यायला हवे ना? केसकर आठवतात का? मराठी माणूस, १९५२ ला नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली. हेतू उदात्त, लोकांना शास्त्रीय ऐकवायचे. लोकांनी काय केले? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची गीतमाला सुरू, दर बुधवारी हिंदी सिनेमाच्या गाण्यांची. शेवटी १९५७ ला विविध भारती काढावी लागली. सरकार हरले, अमीन सायानी जिंकले.

आमच्या गोव्यात तेव्हा पोर्तुगीज, त्यामुळे केसकर आम्हाला लागू नव्हते. पण सिलोन आमच्याकडेही लागायचे. माझे वडील बुधवारी संध्याकाळी दुकानाची एक फळी लावून घ्यायचे आणि आत रेडिओ. गिऱ्हाईक आले तर हातानेच 'थांब'.

म्हापशाचा मास्तर
हे माझ्याच बाजूचे झाले. तेव्हा लोकांनी चांगले निवडले.

डिचोलीचा रेडिओवाला
पडलेली गाणी तुम्हाला आठवत नाहीत म्हणून तसे वाटते, मास्तर. आमच्या माळ्यावर वडिलांच्या तबकड्या आहेत. दहातल्या सात कोणालाही ओळखता येत नाहीत, आणि त्या सात ऐकल्यावर का ते कळते.

पर्वरीची वाचक
सगळे आपापल्या काकांच्या गोष्टी सांगताय म्हणून एक खरा प्रयोग सांगते. २००६ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी जवळजवळ १४,००० जणांना अनोळखी बँडांची ४८ गाणी ऐकवली. काहींना फक्त गाणी दिसत, बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले आणि प्रत्येक गटात 'हे इतक्यांनी उतरवून घेतले' असा आकडा दाखवला. गाणी तीच, पण प्रत्येक गटात हिट वेगळे! फारच चांगले गाणे सहसा तळाला जात नव्हते, फारच भिकार सहसा वर येत नव्हते. मधल्यांचे काहीही होत होते. म्हणजे सुरुवातीला चार माणसांनी काय उचलले, यावर बरेच ठरते. कीबोर्डवाल्या दादांची पट्टी वगैरे ठीक आहे, पण अर्धा हिशेब नशिबाचा.

फोंड्याचा कीबोर्डवाला
नशीब म्हणता तर माझे ऐका, ताई. २०१४ ला पदरचे साठ हजार घालून एक मराठी गाणे केले. शब्द चांगले, मास्तरांसारख्याच एका मास्तरांकडून लिहून घेतलेले. स्टुडिओवाल्याने तीन महिने फिरवले आणि वर ड्रमचा ट्रॅक दुसऱ्याच गाण्याचा चिकटवून दिला. आजवर ४१२ जणांनी ऐकले. त्यात शंभर वेळा माझी आवय, म्हणजे आई. आणि त्याच वर्षी गणपतीत पोरांनी बाल्कनीत बसून गंमत म्हणून केलेले एक कडवे अजून आमच्या वाड्यावर म्हणतात. नशीब असेल. पण त्या कडव्यात स्वर पाचच होते, हेही बघा.

वाळपईचा घुमटकार
गाणे का चालते हे विचारणारे तुम्हीच, आणि आरतीचे वाटोळे करणारेही तुम्हीच कीबोर्डवाले. घुमट म्हणजे आमचे मातीचे, कातड्याने मढवलेले वाद्य, आणि त्या पेटीत 'घुमट' म्हणून एक बटण असते. दाबले की प्लास्टिकच्या बालदीवर कोणी चमचा मारतोय असा आवाज. गेल्या चवथीला, म्हणजे गणपतीत, आमच्या शेजारच्या वाड्यावर अख्खी आरती त्या बटणावर झाली. २०१९ ला गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. बटणाला नव्हे.

फोंड्याचा कीबोर्डवाला
भाऊ, मी ते बटण दाबतो कारण तुमचे घुमट दोन आरत्यांत बसते. पावसात बकऱ्याचे कातडे ओले पोतेरे होते. मग तुम्ही हॅलोजनपुढे धरून शेकत बसता आणि देव ताटकळतो.

वाळपईचा घुमटकार
बसते ते बकऱ्याचे. घोरपडीचे बसत नव्हते. आजोबांच्या हाताखाली शिकलो, ते मागच्या उघड्या तोंडावर हात दाबायचे आणि घुमट गुरगुरायचे. डिचोलीच्या कुंभाराची माती तीच, हात तोच, कातडे बदलले आणि जीव गेला.

पेडण्याचा रानमाणूस
घोरपडीचा जीव गेला होता, तो कोण मोजणार? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपड संरक्षित आहे आणि वारसा म्हणून मिळालेला मान बकऱ्याच्या कातड्यावर आल्यानंतरच मिळाला. तुमच्या एका आरतीसाठी रान रिकामे करायचे काय?

वाळपईचा घुमटकार
मारा म्हटले कोणी? आवाजाचे बोललो. खाणींनी डोंगर खाल्ले तेव्हा हे रानमाणूस कुठे होते?

पेडण्याचा रानमाणूस
मोर्चात होतो. तुम्ही कुठे होता? आरतीत?

डिचोलीचा रेडिओवाला
आणि आजोबांच्या घुमटाविषयी इथे अजून काही लिहू नकोस, बाबा. वनखात्यातलेही वाचतात.

वाळपईचा घुमटकार
ते घुमट १९९१ च्या पावसात फुटले. कोणाला बघायचे असेल तर खापरे दाखवतो.

पर्वरीची वाचक
कातड्याच्या जाडीवरही बरेच असते ना? बकऱ्याचे पातळ, पोटाकडचे घेतले, नीट ताणून सावलीत सुकवले तर फरक पडतो असे आमच्या भजनी मंडळातले सांगतात.

वाळपईचा घुमटकार
ताई, पहिले शहाणे वाक्य. पडतो. पण सावलीत सुकवायला धीर कोणाला? सगळ्यांना चवथीच्या आदल्या दिवशी घुमट हवे. चौघे येतात, 'दोन दिवसांत कर' म्हणतात आणि मग ते मऊ पडले की मलाच शिव्या. मी तरी आता ऑगस्टमध्ये ऑर्डर घेणे बंद केले.

मडगांवचो
मास्तरांच्या शब्दांवर परत येतो. तियात्रात, म्हणजे आमच्या कोंकणी नाटकात, कांतार म्हणजे गाणे चालते ते शब्दांवरच. गावातली, सरकारातली ताजी बातमी ओवली की थिएटर वन्समोर मागते, आणि गायक जास्तीचे कडवे आधीच तयार ठेवून असतो. चाल किती जुनी असली तरी चालते. मात्र तिथे शब्द कोंकणी असतात, कळणारे. तुमच्या मराठी गाण्यांत पुस्तकी शब्द घालून लोक नाचावेत अशी अपेक्षा.

म्हापशाचा मास्तर
वा, राजभाषेवर यायला इतका वेळ लागला! घुमटावर आरती मराठीच म्हणता ना?

मडगांवचो
म्हणतो. आरती मराठी, घुमट गोंयचे. आणि तुम्ही कोंकणीला राजभाषा करणारा १९८७ चा कायदा काढणार असाल तर मी निघालो, जेवण थंड होतेय.

म्हापशाचा मास्तर
काढत नाही. तियात्राचे मान्य, कारण ते माझ्याच बाजूचे आहे. रेडिओवाल्यांच्या माळ्यावरच्या सात तबकड्या हेही निम्मे मान्य. पट्टीचे, बरे, मान्य. काल भाचीच्या लग्नात मीही एका गाण्यावर तोंड हलवले, हे इथे कोणी पाहिले नसावे. 'जाण गेली' मात्र मागे घेत नाही.

फोंड्याचा कीबोर्डवाला
कुठल्या हॉलमध्ये होता, सर? काल पर्वरीत मीच वाजवत होतो. चष्मा, निळा सदरा, आईस्क्रीमच्या काउंटरजवळ?

म्हापशाचा मास्तर
विषय घुमटाचा चालला होता.

फोंड्याचा कीबोर्डवाला
असू दे सर, तिसऱ्या अंतऱ्याला तुम्ही पुटपुटत होता. घुमटकार भाऊ, बटणाचे एकदा तुमच्यासमोर बसूनच ऐकायचे आहे. सावलीत सुकवलेले एखादे आहे का?

वाळपईचा घुमटकार
दोन आहेत. चवथीला संध्याकाळी घरी ये. पेटी आणू नकोस.

फोंड्याचा कीबोर्डवाला
येतो. पट्टी कुठली धरता?

वाळपईचा घुमटकार
पट्टी कसली? घरच्या बायका धरतील ती.