मदत हवी आहे: लेझरने अणू थंड कसे होतात??

नमस्कार मंडळी, फिजिक्सवाले कोणी असाल तर जरा हात द्या. मुलगी अकरावीत, शनिवारी कॉलेजात तिचं बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेटवर (अणू अतिशय थंड केले की होणारी पदार्थाची एक वेगळीच अवस्था) प्रेझेंटेशन आहे आणि काल रात्री अकराला मला विचारते, बाबा लेझरने तर पत्रा कापतात मग त्याच लेझरने अणू थंड कसे काय होतात. मी भोसरीत रोज लेझर कटिंग मशीनवरच असतो, बोलतीच बंद झाली माझी. इतिहास जमलाय, 1924 चा सत्येंद्रनाथ बोसांचा पेपर, मग 1995 मध्ये कॉर्नेल आणि वीमन या शास्त्रज्ञांच्या टीमने रुबिडियम धातूचे अणू साधारण 170 नॅनोकेल्विनपर्यंत, म्हणजे शक्य तेवढ्या कमी तापमानाच्या अगदी जवळ नेले आणि ते सगळे मिळून एकच असल्यासारखे वागायला लागले. मला एवढंच कळलं की समोरून येणारा प्रकाश अणूला मागे रेटतो, वेग कमी म्हणजे तापमान कमी. पण लेझर तर सगळ्या बाजूंनी मारतात ना, मग मागून येणारा त्याला अजून पळवत का नाही? ते डॉपलर डॉपलर म्हणतात ते इथेच बसतं का? आणि शेवटी जास्त गरम अणू उडवून देतात म्हणे, म्हणजे चहा बशीत ओतून गार करतो तसंच का? फॉर्म्युले नकोत प्लीज, सोप्या मराठीत सांगा. पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेमध्ये कोणी ओळखीचं असेल तर तेही कळवा, पण शनिवारच्या आत.