मदत हवी आहे: स्मरणिकेतले फोटो फुटतायत, ३०० डीपीआय नेमकं कशाचं?

मंडळी, आमच्या तालमीला यंदा पन्नास वर्षं होतायत. स्मरणिका माझ्या गळ्यात पडलीय, कारण काय तर "तुझ्याकडं लॅपटॉप हाय." ए-४ आकार, आर्ट पेपर, ऑफसेट. प्रेसवाले म्हणाले, "फोटो ३०० डीपीआयचे द्या." मी फोटोशॉपमध्ये इमेज साइझ उघडून ७२ च्या जागी ३०० टाकलं. फाइल जाडजूड झाली, मी खूश. काल प्रूफ बघितलं तर पानभर छापलेले वस्ताद पावसाळ्यात पन्हाळा दिसावा तसे दिसतायत, नुसतं धुकं.

कव्हरला रंकाळ्याचा मोबाइलवरचा आडवा फोटो आहे, ४००० × ३००० पिक्सेल. आतले बहुतेक व्हॉट्सॲपवरून आलेले, १६०० × १२००. जुन्या पैलवानांचे ३ × ४ इंची ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट अजून स्कॅन व्हायचेत. शिवाय कव्हरचाच फोटो १० × ६ फुटी फ्लेक्सवर हवाय. त्यालाही ३०० धरलं तर ३६,००० × २१,६०० पिक्सेल! लॅपटॉपनं मान टाकली. कुठं चुकतंय?

प्रतिसाद १

डीपीआय म्हणजे छापल्यावर एका इंचात फोटोचे किती ठिपके (पिक्सेल) बसतात ते. ३०० टाकताना रिसॅम्पलची टिक चालू होती, दुसरं काही नाही. फोटोशॉपनं नसलेले पिक्सेल शेजारचे बघून अंदाजानं भरले. दुधात पाणी घालून लिटर वाढवल्यासारखं. टिक काढा, मग ३०० टाका. इंच कमी होतील, तोच फोटोचा खरा आकार. तुमचा १६०० × १२०० म्हणजे ५.३ × ४ इंच, बास. पाव पानाला निवांत चालेल. वस्तादांना पूर्ण पानावर ताणलंत तर १३७ च उरतात, मग धुकं येणारच.

३०० हा काही देवाचा शब्द नव्हे. ऑफसेटला साधारण १५० लाइनचा स्क्रीन (इंचाला १५० ओळींची ठिपक्यांची जाळी) असतो, त्याची ही दुप्पट. दीडपट, म्हणजे २२५ असले तरी भागतं. कव्हरची उंची दोन्हीकडचं ३ मिमी ब्लीड (छापून मग कापली जाणारी जादा कड) धरून ११.९ इंच, आडव्या फोटोतून उभा तुकडा कापलात तर ३००० भागिले ११.९, म्हणजे २५०. चालतंय की!

फ्लेक्सला ४००० भागिले १२० इंच, म्हणजे ३३. दचकू नका. लोक रस्त्यापलीकडून बघणार, नाक लावून नव्हे. फक्त अक्षरं फोटोत टाकू नका, कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी ठेवा. फ्लेक्सवर अक्षरं फुटली की लगेच डोळ्यात येतात.

प्रतिसाद २

व्हॉट्सॲपवाल्यांकडून मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, एरवी ते फोटो दाबून लहान करतं. जुने प्रिंट ६ × ८ इंचात छापणार असाल तर ६०० वर स्कॅन करा. दुप्पट मोठं करायचं तर दुप्पट डीपीआय, एवढा साधा हिशेब. वर्तमानपत्राची कात्रणं असतील तर स्कॅनरमधलं डीस्क्रीन चालू ठेवा, नाहीतर जुने ठिपके आणि नवे ठिपके एकमेकांत अडकून जाळी उठते.

धागाकर्ता

टिक काढली, बरोब्बर ५.३ × ४ आलं! जुने प्रिंट उद्या ६०० वर स्कॅनला देतोय. वस्तादांचा फोटो काढणारा पोरगा पुण्यात असतो. त्याला 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' लिहिलं, तर गड्यानं परत तसाच १६०० चा पाठवला. आता फोनच लावतो.